पाना-किड्यांवरची बुरशी ओळखायला शिकायचंय? मग आधी होस्ट, म्हणजे ती ज्यावर वाढते ते झाड किंवा किडा, ओळखा

दर पावसाळ्यात मला कुणी ना कुणी जास्वंदीच्या फांदीचा फोटो पाठवतं. पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं असतं आणि खाली विचारलेलं असतं, "ही कुठली बुरशी?" बहुतेक वेळा ती बुरशी नसतेच, पिठ्या ढेकूण असतो. एम.एस्सी. बॉटनीच्या पहिल्या सेमिस्टरला मीपण हेच केलं होतं, मुलुंडच्या घरातल्या आईच्या कुंडीतली फांदी डबीत घालून डिपार्टमेंटला नेली, मॅडमनी काही न बोलता १० एक्सचं भिंग हातात दिलं. बघितलं तर त्या कापसाखाली गुलाबीसर चपटं अंग, त्याला बारीक पाय, आणि ते पाय हलत होते.

म्हणून या विषयात नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, मायक्रोस्कोपच्या आधी १० एक्सचं भिंग घ्या आणि ते कायम खिशात ठेवा. भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं आणि पान हळूहळू जवळ आणायचं, बरेच जण भिंग पानाजवळ धरून लांबून बघतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

दुसरं म्हणजे सुरुवात जंगलातून करू नका, सोसायटीतल्या देवचाफ्यापासून करा. जुलै-ऑगस्टमध्ये चाफ्याच्या पानावर वरून फिकट पिवळे ठिपके दिसतात, पान उलटं केलं की खाली त्याच जागी शेंदरी पावडर असते, बोट फिरवलं तर खरंच शेंदूर लावल्यासारखं बोट रंगतं. आमच्या सोसायटीचे माळीकाका बघताक्षणी सांगतात, "ताई, तांबेरा पडलाय, दरवर्षीचंच आहे." बरोबर आहे त्यांचं. ही कोलिओस्पोरियम प्लुमेरी नावाची बुरशी, चाफा मूळचा अमेरिकेकडचा आणि त्याचा हा तांबेराही तिकडचाच. थोडी पावडर पाण्याच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपच्या ४० एक्सखाली बघा, नारिंगी गोलसर बीजाणू आणि त्यांच्या अंगावर बारीक उंचवटे दिसतील. तांबेऱ्याची बुरशी लॅबमधल्या खाद्याच्या प्लेटवर वाढवायला जाऊ नका, तिला जिवंत पानच लागतं, प्लेटवर जे उगवेल ते भलतंच काहीतरी असेल.

आणि शेतकऱ्यांकडची नावं आधी शिकून घ्या. तांबेरा, भुरी, करपा, काणी, केवडा, या प्रत्येक शब्दात लक्षण आहे. भुरी म्हणजे बहुधा पानाच्या वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखं, आंब्याच्या मोहोरावर थंडीत येते ती. केवडा मात्र पानाच्या खालच्या बाजूला येतो आणि वर पिवळे डाग, बऱ्याचदा शिरांनी अडवलेले म्हणून कोनदार. हा केवडा करणारे जीव आता खऱ्या बुरशीत धरत नाहीत, ते उओमायसीट्स, शैवालांच्या एका शाखेला जवळचे, पण शिकताना शिकवताना सगळं एकाच टेबलावर येतं. काळ्या पानांचंही तसंच. आंब्याच्या पानावर काजळी असेल तर ओला बोळा फिरवून बघा, निघून येते, कारण ती पानात घुसलेलीच नसते, तुडतुड्यांनी टाकलेल्या गोड चिकट थरावर वाढलेली असते. मेलिओला नावाची बुरशी मात्र पुसून जात नाही. तिचे काळे मखमली गोल ठिपके पानाला घट्ट धरून असतात.

या मेलिओलानेच मला सगळ्यात मोठा धडा दिला.

कर्जतकडे ओळखीच्यांची वाडी आहे, तिथे एका झुडपाच्या पानांवर मला सुंदर मेलिओला मिळाली. मी खूष. चार चांगली पानं तोडली, पाकिटात घातली, वर लिहिलं "जांभळासारखं झाड". लॅबमध्ये स्लाइड केली तर सगळं कसं पुस्तकातल्यासारखं, तपकिरी धागे, त्यांना दोन पेशींचे छोटे गड्डे, ताठ काळे केस आणि पाच कप्प्यांचे जाड बीजाणू. जिनस, म्हणजे जातीच्या वरचा गट, याबद्दल शंकाच नव्हती. मग जातीसाठी 'की', म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता, घेऊन बसले आणि तीन आठवडे बसले, काहीही जुळेना. कारण मेलिओलाच्या 'की' होस्टच्या कुळाप्रमाणे लावलेल्या असतात, कूळ चुकलं की तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरता आणि आतल्या सगळ्या खोल्या बघूनही माणूस सापडत नाही. शेवटी पानं घेऊन सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात गेले, तिथल्या जुन्या शीटशी ताडून बघितलं तर ती अंजनी निघाली. जांभळाच्या पानाला कडेने एक शीर फिरलेली असते, अंजनीच्या जाड पानात बाजूच्या शिरा जेमतेम दिसतात. एवढी साधी गोष्ट, पण मी बुरशीकडेच बघत होते, पानाकडे नाही.

तेव्हापासून माझा नियम, नुसतं पान कधीच तोडायचं नाही. डहाळी घ्यायची म्हणजे पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते कळतं, फूल किंवा फळ असेल तर ते घ्यायचं, आणि नसेल तर झाडाची जागा नोंदवून फुलोऱ्याच्या दिवसांत परत जायचं. लेबल तिथेच लिहायचं, घरी येऊन नाही, पेन्सिलने, कारण आपल्याकडच्या पावसात पेनाची शाई पसरते. तारीख, जागा, होस्ट, पानाची कुठली बाजू, रंग ताजा असतानाचा. रंग सुकल्यावर बदलतो आणि मग आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

आता किड्यांकडे वळू. झॉम्बी मुंगीचे व्हिडिओ बघून बरेच जण या विषयात येतात आणि त्यात काही वाईट नाही, ते घडवणारी बुरशी ऑफिओकॉर्डिसेप्स आहेच विलक्षण, मुंगी पानाच्या शिरेला जबड्याने धरून मरते आणि मग तिच्या मानेमागून दांडा बाहेर येतो. पण ती रोज दिसणार नाही. रोज काय दिसतं तर मेलेला किडा आणि त्यावर पांढरी किंवा हिरवी बुरशी, आणि इथे खरा प्रश्न नावाचा नसतोच. प्रश्न असा की या बुरशीने किडा मारला, की किडा आधीच मेला होता आणि ही नंतर आली?

याला काही खुणा आहेत. बुरशीने मारलेला किडा सडत नाही, कडक होतो, ममीसारखा, आणि त्याला घाण वास येत नाही. बुरशी आधी सांध्यांतून बाहेर पडते, दोन खंडांमधल्या मऊ कातडीतून. मरताना तो बऱ्याचदा उंच जागी चढलेला असतो, गवताच्या टोकाला मिठी मारून बसलेला नाकतोडा बघितलात आणि हात लावला तरी उडत नाही, तर जवळ जाऊन बघाच. मराठवाड्यात सोयाबीनच्या शेतात पाऊस लागून राहिला की शेंड्याला पांढऱ्या खडूसारख्या झालेल्या अळ्या दिसतात आणि काही दिवसांत त्या पिस्त्याच्या रंगाच्या होतात, ती मेटारायझियम रिलेयी, जुन्या पुस्तकांत नोमुरिया रिलेयी. उलट मऊ पडलेल्या, वास येणाऱ्या झुरळावर हिरवी बुरशी असेल तर ती बहुधा ॲस्परजिलस नाहीतर पेनिसिलियम, नंतर आलेली.

हिरवा रंग फसवतो म्हणून मायक्रोस्कोप लागतोच. मेटारायझियमचे बीजाणू लांबट, दंडगोल, त्यांच्या साखळ्या एकमेकींना चिकटून खांबासारख्या उभ्या. पेनिसिलियमचे बहुधा गोल, ब्रशसारख्या फांद्यांवर. पांढरी असेल तर बोव्हेरिया आहे का बघा, बीजाणू गोलसर, जेमतेम २-३ मायक्रॉनचे, आणि ते ज्या दांडीवर येतात ती नागमोडी, झिगझॅग. ती झिगझॅग एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. याच बोव्हेरियावरून इटलीतल्या अगोस्तिनो बास्सींनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो हे दाखवलं, पाश्चर आणि कॉख यांच्या कामाच्या कितीतरी आधी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती स्लाइड मी परत काढून बघितली होती.

किडा प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. एक मस्त अळी मी पिशवीत घालून कर्जत लोकलने आणली, जुलैचा उकाडा, गर्दी, घरी पोचेपर्यंत पिशवीला आतून पाणी सुटलेलं. सकाळी बघते तर करडे लांब केस आणि टोकाला काळे ठिपके, रायझोपस या दुसऱ्याच बुरशीने सगळं खाल्लं होतं आणि खालची मूळ बुरशी गेली ती गेलीच. आता मी रिकाम्या काडेपेट्या नेते, आत टिश्यू, एका पेटीत एकच किडा. पानांना खाकी पाकिटं, घरी आल्यावर वर्तमानपत्रात दाबायची, आणि पावसाळ्यात कागद रोज बदलायचा, आळस केला की पानावर दुसरीच बुरशी वाढते.

स्लाइडचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच सगळे अडतात. पारदर्शक सेलोटेपचा बोटभर तुकडा बुरशीवर हलकेच टेकवायचा, दाबायचा नाही, आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणाच्या थेंबावर उलटा चिकटवायचा. आमच्या लॅबमधले मामा माझ्या स्लाइड बघून म्हणाले होते, "ताई, थेंब निम्मा करा, तुमचे बीजाणू पोहतायत." खरंच, थेंब मोठा झाला की कव्हरस्लिप तरंगते आणि काहीच फोकसमध्ये राहत नाही. त्या द्रावणात फिनॉल असतं, हातमोजे घाला, घरी करत असाल तर साधं पाणी पुरतं. मग मोजमाप. किमान ३० बीजाणू मोजायचे, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याकडच्या भिंगासाठी) स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे मोजलेल्या रेघांच्या स्लाइडवर, आधी जुळवून घ्यायची. कंटाळवाणं आहे, मान्य, पण अंदाजे लिहिलेला आकडा तुमच्या कामाचा नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. प्लेट उघडून वास घेऊ नका, दमा असेल तर मास्कशिवाय काम करू नका.

मुंबईत अजून एक त्रास म्हणजे बुरशी मायक्रोस्कोपच्या लेन्सवरही वाढते. काम झालं की लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, त्याचा निळा रंग गुलाबी झाला की गरम करून परत वापरायचं.

डीएनएबद्दल नवीन मुलं लगेच विचारतात, सिक्वेन्स केलं की नाव मिळतंच ना? डीएनएतला आयटीएस हा भाग २०१२ पासून बुरशीचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखखूण, मानतात, त्यावरून जिनसपर्यंत बहुतेक वेळा पोचता येतं. पण करपा करणाऱ्या कोलेटोट्रायकमचं बघा, ग्लिओस्पोरिऑइड्स म्हणून जिला एकच जात समजत होते तो २२ जातींचा समूह आहे असं २०१२ साली मांडलं गेलं, आणि नुसत्या आयटीएसवर त्या सगळ्या वेगळ्या होत नाहीत, आणखी जीन्स लागतात. मेटारायझियमलाही तसंच. शिवाय डेटाबेसमधल्या ज्या नावाशी ९९ टक्के जुळलं ते नाव टाकणाऱ्यानेच चुकीचं टाकलेलं असू शकतं. म्हणून सिक्वेन्स आला तरी स्लाइड आणि होस्ट यांच्याशी ताडून बघा, तिघांचं एकमत झालं तर पूर्ण नाव लिहा, नाहीतर जिनसवर थांबा. जिनसवर थांबणं कमीपणाचं नाही. अडलात तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथे फी भरून ओळख करून मिळते, कल्चर (वाढवलेली शुद्ध बुरशी) जमाही करता येतं.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नका. नॅशनल पार्कमध्ये वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पान तोडणं किंवा किडा उचलणं चालत नाही, फोटो काढा आणि जागच्या जागी सोडा. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो, तुमच्या गाइडला विचारल्याशिवाय कुणालाही काही कुरिअर करू नका.

नोकरीचं खरं सांगते. फक्त बुरशी ओळखण्याची नोकरी फार थोड्या जणांना मिळते. मी स्वतः फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, क्लीन रूमच्या प्लेटवर काय उगवलं ते ओळखणं हे माझ्या कामाचा भाग आहे आणि तिथे ते टेपचं तंत्र रोज उपयोगी पडतं. जैविक कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांना बोव्हेरिया, मेटारायझियम शुद्ध आहे का तपासणारी माणसं लागतात, प्लांट क्वारंटाइनमध्येही (देशात येणाऱ्या-जाणाऱ्या रोपांची तपासणी) हे काम असतं. संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर नेट ही परीक्षा द्या, त्यातून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, जेआरएफ, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. कृषी विद्यापीठातल्या प्लांट पॅथॉलॉजीला मात्र बऱ्याचदा कृषी पदवीच मागतात, बॉटनीवाल्यांनी फॉर्म भरण्याआधी पात्रता नीट वाचावी, माझं एक वर्ष त्यात गेलं.

बाकी शनिवार-रविवार मी अजूनही काडेपेट्या घेऊन फिरते. सध्या टेबलावर एक पाकीट आहे, आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वेलीवरचं, वर पेन्सिलने "मेलिओला, जात ठरली नाही" एवढंच लिहिलंय. स्लाइड झाली, ३० बीजाणू मोजून झाले, पण वेलीला अजून फूल आलेलं नाही. ऑफिसला जाताना रोज एकदा मान वर करून बघते.