ब्रिटनमधला वारसा कर: जोडप्यांनो, या चुका टाळा

‘नवऱ्याचं बायकोला गेलं तर कर नाही,’ हे ब्रिटनमधल्या मराठी घरांत इतक्या खात्रीने सांगितलं जातं की पुढचं कुणी विचारत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण त्याने कर टळतोच असं नाही, बऱ्याचदा तो पुढे ढकलला जातो. मागे राहिलेला जोडीदार गेला, की करमुक्त मर्यादेच्या वरच्या रकमेवर मुलांना ४० टक्के भरावे लागतात.

ही मर्यादा माणशी सव्वातीन लाख पौंड आहे आणि २००९ पासून हललेली नाही. राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर आणखी पावणेदोन लाख. आधी गेलेल्या जोडीदाराने न वापरलेला हिस्सा दुसऱ्याला मिळतो, म्हणून जोडप्याचे दहा लाख होतात. हा हिस्सा मात्र आपोआप मिळत नाही. दुसऱ्या मृत्यूनंतर एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) तो साधारण दोन वर्षांच्या आत मागावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच पहिल्या मृत्यूचे कागद सापडत नाहीत. समजा, वडिलांनी २०१२ साली ६५,००० पौंड भावाला दिले आणि बाकी सगळं आईला. म्हणजे त्यांची २० टक्के मर्यादा वापरली गेली. आईच्या वेळी त्या दिवशीच्या मर्यादेच्या ८० टक्के मिळतील. हे दाखवायला वडिलांचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, प्रोबेट (मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मान्यता) आणि मालमत्तेची यादी लागते. हे सगळं एका फायलीत ठेवा आणि फाइल कुठे आहे ते मुलांना आजच सांगा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती भारतात राहणाऱ्या जोडीदाराबद्दलची चूक. ६ एप्रिल २०२५ पासून डोमिसाइलऐवजी (म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर कुठल्या देशात, याऐवजी) वास्तव्य पाहिलं जातं. मागच्या २० करवर्षांपैकी किमान १० वर्षं ब्रिटनचा रहिवासी असलेला माणूस ‘दीर्घकालीन रहिवासी’ ठरतो, आणि त्याचा पुण्यातला फ्लॅटही हिशेबात येतो. पण जोडीदार तसा रहिवासी नसेल, तर त्याला मिळणारी सूट फक्त सव्वातीन लाखांची. नवरा पंधरा वर्षं लंडनला, बायको सासू-सासऱ्यांसाठी नाशिकला राहिलेली, आणि त्याने नऊ लाख पौंड तिच्या नावे ठेवले असं धरा. सव्वातीन लाखांना सूट, सव्वातीन लाख त्याच्या स्वतःच्या मर्यादेत, उरलेल्या अडीच लाखांवर ४० टक्के: एक लाख पौंड कर. मृत्यूनंतर दोन वर्षांत ती स्वतःला दीर्घकालीन रहिवासी मानून घ्यायचा पर्याय निवडू शकते. मग पूर्ण सूट मिळते, पण तिची भारतातली मालमत्ताही या कराच्या कक्षेत येते. तिच्या नावावर काय-काय आहे ते आधी लिहून काढा, मगच ठरवा. भारताने इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) १९८५ साली रद्द केली, तरी या करांबाबत दुहेरी आकारणी टाळण्याचा दोन देशांतला १९५६ चा करार अजून अस्तित्वात आहे. तो तुम्हाला लागू होतो का, हे सॉलिसिटरला जरूर विचारा.

‘घर मुलाच्या नावावर करू, त्यानंतर सात वर्षं जगलो की करातून सुटलो,’ हाही असाच गैरसमज. घर दिलं आणि भाडं न देता त्यातच राहिलात, तर सात काय, वीस वर्षांनीही ते तुमचंच धरलं जातं. बाजारभावाने भाडं द्यावं लागतं, आणि त्यावर मुलाला आयकर. त्यापेक्षा दोघांनी दरवर्षी प्रत्येकी ३,००० पौंड देणं, मुलाच्या लग्नात प्रत्येकी ५,००० देणं किंवा खर्च भागून उरणाऱ्या उत्पन्नातून नियमित भेटी देणं सोपं, त्यांवर हा कर लागत नाही. शेवटच्या प्रकारासाठी उत्पन्न आणि खर्चाची वही ठेवाच.

सूट मिळते ती कायदेशीर लग्नाला आणि सिव्हिल पार्टनरशिपला (लग्नासारख्याच नोंदणीकृत नात्याला). वीस वर्षं एकत्र राहिलेल्यांना नाही, आणि इंग्लंडमध्ये नुसते फेरे घेऊन कायदेशीर नोंद न केलेल्यांनाही नाही. अक्षता पडल्या, फोटो निघाले आणि रजिस्टर ऑफिसला जायचं राहून गेलं असेल, तर आधी ते उरका. दुसरं म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाने आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं, तेव्हा नवीन करा. ते नसेल आणि मुलं असतील, तर जोडीदाराला घरातल्या वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातलं अर्धंच मिळतं. बाकीचं अर्धं मुलांना.

मालमत्ता मोठी असेल तर ‘सगळं तुझ्या नावावर’ हेही तपासून पाहा. वीस लाखांच्या वर प्रत्येक दोन पौंडांमागे घराच्या जादा मर्यादेतला एक पौंड कमी होतो. पहिल्याचं सगळं दुसऱ्याकडे गेलं की हा आकडा सहज ओलांडला जातो. अशा वेळी पहिल्या मृत्यूलाच काही भाग थेट मुलांना देणं बरं पडतं.

पेन्शनचे न वापरलेले पैसेही ६ एप्रिल २०२७ पासून बहुतेक प्रकरणांत वारसा कराच्या हिशेबात धरले जाणार आहेत. जोडीदाराला गेले तर सूट, मुलांना गेले तर नाही. कर वाचावा म्हणून नॉमिनेशनमध्ये मुलांची नावं घातली असतील, तर तो फॉर्म काढून पुन्हा वाचा.