कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी घरातल्या भिंती बघा

पडद्याचा रॉड लावायची वेळ आली की बहुतेक घरांत ड्रिल मशीनचा विषय निघतो, आणि स्वस्तातलं बॅटरीवालं ड्रिल नेमकं त्याच कामात दगा देतं. खिडकीच्या वर विटा नसतात, काँक्रीटचा लिंटेल म्हणजे आडवा पट्टा असतो, आणि रॉडचे ब्रॅकेट बरोबर त्यातच येतात. नव्या घरात मी पहिलं भोक तिथेच पाडायला घेतलं. बिट तापून निळं पडलं, बॅटरी उतरली आणि भोक झालं जेमतेम सेंटिमीटरभर. मशीन चांगलंच होतं, पण हे काम त्याचं नव्हतं. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात एक फेरी मारा.

पायरी १ : भोकं कुठे पाडायची, ते लिहून काढा

कपाटाच्या बिजागऱ्या, फोटोफ्रेम, बाथरूममधला टॉवेल रॉड, शेल्फ असं सगळं लिहा. प्रत्येकापुढे भिंत कशाची ते लिहा. शंका असेल तर उसन्या ड्रिलने कोपऱ्यात बारीक भोक पाडून भुसा बघा. लाल निघाला तर वीट. पांढुरका, पिठासारखा निघाला आणि बिट सहज आत गेलं तर सायपोरेक्स ब्लॉक, म्हणजे हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक. राखाडी भुसा निघून बिट अडलं तर काँक्रीट. कॉलम, बीम, स्लॅब आणि लिंटेल ही काँक्रीटची ठरलेली ठिकाणं.

पायरी २ : कॉर्डलेसच हवं का, ते ठरवा

यादीत विटेच्या भिंतीच जास्त असतील आणि बजेट तीन हजारांच्या आत असेल, तर ५००-६०० वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकाही देणारं ड्रिल घ्या. त्याच पैशांत येणाऱ्या कॉर्डलेसपेक्षा ते भिंतीत कितीतरी सरस चालतं. स्क्रू पिळणं, प्लायवूड, फर्निचर जोडणं, पत्र्याला भोक अशी कामं जास्त असतील तर मात्र कॉर्डलेसला तोड नाही.

भिंतीसाठीही वापरायचं असेल तर मशीनवर हातोडीचं चिन्ह बघा. नुसत्या ड्रिल-ड्रायव्हरला ठोका नसतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे आणखी वेगळं मशीन. त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, स्क्रू घट्ट करायला. नावातल्या साम्यामुळे खूप जण इथे फसतात.

पायरी ३ : व्होल्टचा आकडा नीट वाचा

लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ पर्यंत जातो. तीन सेलच्या बॅटरीवर कोणी १०.८ लिहितं, कोणी १२. पाच सेलच्या बॅटरीवर १८, २० किंवा २१ लिहिलेलं असतं, आत बॅटरी तीच. त्यामुळे २१ व्होल्ट आहे म्हणून १८ पेक्षा जास्त पैसे देऊ नका. हातात मावणाऱ्या छोट्या मशीनवर ४८ किंवा ८८ असा आकडा दिसला तर ते बाजूला ठेवा. तेवढ्या व्होल्टला लागतील इतके सेल त्या बॅटरीत मावतच नाहीत.

घरासाठी १२ व्होल्टचं हॅमरवालं मशीन मला सगळ्यात योग्य वाटतं. हलकं असतं, स्टुलावर उभं राहून डोक्यावर धरलं तरी हात भरून येत नाही. विटेत ६-८ मिलिमीटरची भोकं ते पाडतं. १८ व्होल्ट घ्यावं ते सुतारकामाची खरी आवड असेल तर.

पायरी ४ : बॅटरीची चौकशी करा

कमी बजेटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच. मोटर वर्षानुवर्षं टिकते, बॅटरी आधी जाते. म्हणून दुकानदाराला थेट विचारा, याची सुटी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला? उत्तर गुळमुळीत आलं तर ते मशीन घेऊ नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात चार दुकानं फिरून हे विचारता येतं. दीड किंवा दोन अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता, Ah) अशा दोन बॅटऱ्या मिळत असतील तर एका मोठ्या बॅटरीपेक्षा त्या बऱ्या. एक चार्जिंगला लावून दुसरीवर काम चालू राहतं.

पायरी ५ : हातात घेऊन बघा

ट्रिगर हळू दाबला की मशीन हळू फिरलं पाहिजे. पुढची रिंग म्हणजे क्लच. ती असली की स्क्रूचं डोकं झिजत नाही, प्लाय फाटत नाही. दोन गिअर हवेत : स्क्रूला कमी वेग, भोकाला जास्त. बिट धरणारं चक १० मिलिमीटरचं असलं तरी घराला पुरतं. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर चांगलीच, पण त्यासाठी बजेट ताणू नका.

शंभर नगांचा बिटचा डबा टाळा. त्याऐवजी भिंतीची ६ आणि ८ मिलिमीटरची कार्बाइड टोकाची बिटं, लोखंडासाठी दोन-तीन एचएसएस (हाय-स्पीड स्टीलची) बिटं आणि स्क्रूची चांगली बिटं सुटी घ्या. टाइलवर हॅमर बंद ठेवूनच सुरुवात करा, नाहीतर ती तडकते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायर गेलेली असते.

राहिला पडद्याचा रॉड. लिंटेलला रोटरी हॅमरच लागतो. त्यात हवेच्या दाबावर पिस्टन ठोका देतो, म्हणून काँक्रीट फुटतं. तो विकत घेऊ नका. सगळ्या खिडक्यांवर पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि एक दिवस भाड्याने आणून किंवा इलेक्ट्रिशियनला बोलावून ती भोकं एकदमच पाडून घ्या.