बेळगावात पहिल्या वर्षाला आलाय? मग कॉलेजातली खबर कुठनं काढायची ते बघा

पहिल्या सेमला मी सगळं व्हॉट्सॲपवर सोडलेलं. कुणीतरी टाकंल की, बघू. एक दिवस ग्रुपवर परीक्षा फीच्या नोटिशीचा फोटो आला, वरचा भाग कापलेला, खाली शेवटची तारीख 18, म्हणून आम्ही तिघं निवांत, आणि मग कळलं की ती नोटीस गेल्या वर्षीची, यंदाची तारीख दोन दिवस आधीच गेलेली. दंड भरला गपचूप. तवापासून फोटोत वर्ष आणि शिक्का दिसला नाही तर मी ती नोटीस धरतच नाही.

म्हणून आधी ऑफिससमोरच्या बोर्डाकडं जावा. आता तिथं निम्मं कानडीत असतंय आणि मराठी मीडियमची पोरं तिथंच हबकतात. पण कुणाकडनं तरी एकदा मोठ्यानं वाचून घ्या, अर्धे शब्द आपलेच निघतात: शुल्क, दिनांक, परीक्षे, अर्जी. रजे म्हणजे रजाच, सुट्टी. कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख, हे तर पाठच करा. विद्यार्थी वेतन म्हणजे स्कॉलरशिप, आमच्यातला एकजण पगार मिळतोय समजून नाचलेला. गूगल लेन्स चालतंय, पण हातानं लिहिलेलं असलं की काहीही सांगतंय, त्यापेक्षा अक्षरं शिका आणि कानडी आकडे तेवढे दहा.

परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, रिझल्ट हे राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवाल्यांना यूयूसीएमएसवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या कॉलेजांसाठीच्या पोर्टलवर बघायचं. यात एक चूक सगळी करतात, सायबरवाल्याकडनं रजिस्ट्रेशन करून घेतात आणि तो गडबडीत स्वतःचाच मोबाईल नंबर घालतो. मग ओटीपी त्याच्याकडं, आणि तो त्या दिवशी गावाला! नंबर आपलाच, ईमेल आपलाच, पासवर्ड वहीच्या मागं लिहून ठेवा.

स्कॉलरशिपचं एसएसपी, म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टल वेगळं. त्याला जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो, दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं काढायचा आणि तिथं वेळ जातोय, तेव्हा पोर्टल उघडायची वाट बघत बसू नका. आधारवर आणि मार्क्सकार्डावर नाव एकच हाय काय बघा, बँक खातं आधारला जोडलंय काय तेही बँकेत जाऊन विचारा, कारण पैसे थेट त्याच खात्यात येतात.

बस पाससाठी सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर अर्ज. पोरींना 2023 पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, पण ते कर्नाटकातल्या पत्त्याच्या ओळखपत्रावर, त्यामुळं महाराष्ट्रातल्या चंदगडकडनं येणाऱ्या मैत्रिणींना त्याचा उपयोग नाही. एकाच बाकावर बसतो आम्ही आणि ही एवढी सीमा मधी येतेय.

ऑफिसात विचारायला गेला की जेवायच्या वेळेत खिडकीवर टकटक करू नका. "नमस्कार री, लास्ट डेट यावाग री?" म्हणजे शेवटची तारीख कधी हो, एवढं म्हणा. समोरच्या क्लार्कला मराठी येतच असतंय बहुतेक, पण त्या कानडीतल्या आदराच्या 'री'नं काम हलकं होतंय, अनुभव हाय. नोटिशीचा फोटो स्वतः काढा, अख्ख्या पानाचा, वर तारीख दिसेल असा, मगच ग्रुपवर टाका.

सरांना मेसेज करताना नुसतं "हाय सर" लिहून थांबू नका, ते उत्तर देत बसत नाहीत. "नमस्कार सर, मी बीकॉम पहिलं सेम, रजिस्टर नंबर अमुक, इंटर्नलची असाइनमेंट सोमवारी दिली तर चालंल काय?" एका मेसेजात संपवा. रात्री दहानंतर नको, आणि व्हॉइस नोट तर अजिबात नको.

आणि खानापूरकडनं, निपाणीकडनं रोज जाऊन येऊन करणारी सीनियर पोरं असतात बघा, त्यांच्या शेजारी सीट धरा. कुठला पेपर पुढं गेला, कुठले सर आज रजेवर, ग्रुपवर यायच्या आधी बसमध्ये कळतंय. फक्त उतरल्यावर बोर्ड बघायचा.