चार रविवार, सगळी मंडळी: तयारीची यादी

दान, प्रार्थना आणि उपवास हे चर्चमधल्या सगळ्या वयांच्या मंडळीला चार रविवारांत एकत्र शिकवायचं आहे. सगळ्यात आधी त्याच्या तारखा ठरवा. नवापूरकडच्या मंडळीने भाताची निंदणी उरकल्यानंतरचे आणि कापणीआधीचे चार रविवार धरावेत. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, लेकरंही सोबत जातात. मग सगळ्या वयांना एकत्र शिकवायचं म्हटलं तरी बसणार कोण?

धड्याला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायातली पहिली 18 वचनं पुरतात. दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही तिथेच आहेत. वाचन मराठीतून करा, पण समजावून नवापूरकडे मावची बोलीतून सांगा, धुळे-जळगावकडे अहिराणीतून. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी एक माणूस पुढे म्हणेल आणि बाकीचे मागून म्हणतील. हे चार रविवार संडे स्कूल वेगळं भरवू नका. आजी आणि नातू एकाच सतरंजीवर बसू देत, कारण प्रार्थना करणाऱ्या माणसाशेजारी बसूनच लेकरू प्रार्थना शिकतं.

प्रार्थनेच्या रविवारी जास्त तयारी लागते. "आपल्या खोलीत जा, दार लाव" असं प्रभू म्हणतो, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचं घरच एका खोलीचं असतं. म्हणून चर्चच्या वडीलमंडळींनी, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी, आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारावं, तुमची एकांताची जागा कोणती? कुणी शेताचा बांध सांगेल, कुणी पहाटेची चूल. शाळकरी पोरांनाही हाच प्रश्न विचारा, त्यांना वगळू नका. जागा आणि वेळ ठरल्याशिवाय त्या रविवारी काय सांगितलं ते घरी टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दानासाठी प्रत्येक घरी एक झाकणाचा डबा द्या. रोज स्वयंपाकाआधी त्यात मूठभर तांदूळ किंवा ज्वारी पडावी, आणि ती लेकराच्या हातून पडावी. डबे जमा होतील तेव्हा कुणाचा किती हे मोजू नका, नावं वाचू नका. उजव्या हाताने दिलेलं दान डाव्या हाताला कळू नये हे वचन आपण शिकवतोय, तर ते आधी आपणच पाळायला हवं.

उपवासाच्या आठवड्याआधी आरोग्यसेविकेशी बोलून घ्या. साखरेचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं यांनी जेवण सोडायचं नाही. त्यांनी मोबाइल किंवा चहा सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी एक वेळचं जेवण सोडावं आणि त्याचं धान्य त्याच डब्यात टाकावं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 58 व्या अध्यायातला उपवास भुकेल्याला भाकर वाटून देण्याचा आहे, तो भाग तरुणांपैकी कुणाला तरी आधीच वाचायला द्या.

ढोलक, टाळ आणि वीज गेली तर बॅटरी, ही सोय दरवेळची माणसं करतीलच. शेवटच्या रविवारी जमलेलं धान्य कोणत्या घरी जायचं हे मात्र पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पहिल्या रविवारच्या आधीच ठरवावं. ते घर मंडळीबाहेरचं असलं तरी चालेल.