व्हायकिंगांचे जहाज-दफन कसे वाचावे

व्हायकिंग, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, काही मृतांना जहाजात ठेवून वर टेकाड रचत; हेच जहाज-दफन. त्याचा उत्खनन अहवाल हाती आला किंवा संग्रहालयात त्यातल्या वस्तूंसमोर उभे राहिले की नजर आधी तलवारीवर आणि दागिन्यांवर जाते. तिथून सुरुवात केली की निष्कर्ष हमखास घसरतात. आधी माती, मग लोखंड, मग कोण काय घेऊन गेले, आणि वस्तू त्यानंतर, असा क्रम ठेवा.

माती आधी पाहायची, कारण काय टिकले आणि काय विरघळले हे तिनेच ठरवलेले असते. नॉर्वेत टोन्सबर्गजवळ ओसेबर्गला १९०४ साली खोदकाम झाले, तेव्हा जहाजाखाली निळसर चिकणमाती होती आणि वर गवताळ ढेपा घट्ट रचलेले टेकाड. आत हवा पोचली नाही. त्यामुळे लाकूड, लोकर, रेशीम, इतकेच काय, बादलीतली रानसफरचंदेही राहिली. डेन्मार्कमधल्या लाडबीत लाकूड पार कुजले. उरला तो मातीतला ठसा आणि सुमारे २,००० लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडणारे खिळे. आता या दोन याद्या शेजारी ठेवून ‘ओसेबर्गची माणसे अधिक श्रीमंत’ असे लिहिणे म्हणजे मातीचे गुण मृतांच्या नावावर जमा करणे. एकदा टिकलेले लाकूडही कायम टिकतेच असे नाही. नॉर्वेतल्या येलेस्टाडचे जहाज २०१८ मध्ये जमिनीत शिरणाऱ्या रडारने सापडले, पण लाकडाला बुरशी लागल्याचे दिसल्यावर ते घाईने खणून काढावे लागले.

लाकूड नसेल तिथे रिव्हेट हेच जहाज. या जहाजांच्या फळ्या कडेला एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि जिथे दोन फळ्या चढतात तिथे खिळा आरपार घालून आतल्या बाजूने छोट्या लोखंडी चकतीवर ठोकून बसवतात. म्हणून प्रत्येक रिव्हेटच्या चार गोष्टी नोंदवलेल्या आहेत का ते अहवालात तपासा: जागा, खोली, दांड्याची दिशा, आणि डोके व चकती यांमधले अंतर. हे अंतर म्हणजे दोन फळ्यांची मिळून जाडी. दांड्याच्या दिशेवरून जहाजाच्या कुशीचा उतार कळतो आणि ओळी मोजल्या की एका बाजूला किती फळ्या होत्या ते निघते. ओसेबर्गला १२, नॉर्वेतल्याच गोक्स्टाडच्या जहाजाला १६. या नोंदी होण्याआधी रिव्हेट उपटले, तर उरतात ते पेटीभर गंजके खिळे, आणि जहाज परत जुळवता येत नाही. गंज खरवडून काढणे ही दुसरी चूक. त्या गंजात लाकडाचे तंतू उमटलेले असतात, त्यावरून लाकडाची जात ओळखता येते. आधी क्ष-किरण चित्र घ्यायचे, मग सफाई.

उलट बाजूची सावधगिरीही हवी. रिव्हेट सापडले म्हणजे होडी होतीच, असे नाही. डेन्मार्कमध्ये काही स्त्रियांना गाडीच्या लाकडी पेटाऱ्यात पुरले आहे, आणि त्याच्या फळ्याही अशाच जोडलेल्या असत. ओळी दोन्ही टोकांना वळून जवळ येतात का, हे पाहिल्याशिवाय ‘नौका-दफन’ लिहू नका.

आता ‘काय नाही’ ते. ओसेबर्गमध्ये सोने नाही, चांदी नाही, अंगावरचे दागिने नाहीत. त्यावरून साधेपणाची कल्पना करण्याआधी टेकाडाच्या आराखड्यात चोरखड्डा शोधा. इथे तो आहे, आणि चोरांची लाकडी फावडी आतच राहिली होती. त्यांच्या लाकडातली वलये मोजली तर चोरी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ठरते, म्हणजे पुरल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. मृतांची हाडेही जहाजावरच्या लाकडी दफनदालनातून ओढून बाहेर आणलेली होती. म्हणून हाड जिथे सापडले तिथेच माणूस निजवला होता, असे गृहीत धरू नये.

काळ सांगताना दोन तारखा वेगळ्या ठेवा: जहाज बांधल्याची आणि दफनाची. ओसेबर्गचे जहाज साधारण ८२० सालचे, तर दफनदालनाचे लाकूड ८३४ मध्ये तोडलेले. दफनाची तारीख दालनावरून घ्यायची. लाकडाचे सालीलगतचे वलय शिल्लक नसेल तर नेमके वर्ष मिळत नाही, ‘अमुक वर्षानंतर’ एवढेच म्हणता येते.

मृत व्यक्ती पुरुष की स्त्री, हे हाडांवरून आणि जमल्यास डीएनएवरून ठरवा, वस्तूंवरून नको. ओसेबर्गच्या एवढ्या डामडौलात दोन स्त्रिया होत्या, एक सत्तरीपलीकडची आणि दुसरी पन्नाशीची. स्वीडनमध्ये बिर्का इथल्या शस्त्रांनी भरलेल्या दफनदालनातली व्यक्ती (तिथे जहाज नव्हते) शंभरहून अधिक वर्षे पुरुष योद्धा मानली गेली. २०१७ साली डीएनएने ती स्त्री ठरली.

सोबत पुरलेल्या जनावरांच्या आकड्यांचेही तसेच. कवट्या किंवा एकाच बाजूचे एकच हाड मोजून ‘किमान इतके’ असे लिहायचे. गोक्स्टाडला १२ घोडे, कुत्रे, शिकारी ससाणे आणि चक्क मोर. मोर म्हटले की आपले कान टवकारतात. पण युरोपात रोमनांच्या काळापासून मोर पाळत असत, तेव्हा त्यावरून भारताशी थेट व्यापार सिद्ध होत नाही. ओसेबर्गच्या ‘बुद्ध-बादली’त मराठी वाचक आणखी सहज अडकतो: कडीच्या दोन्ही टोकांशी मांडी घातलेली पितळी मूर्ती, छातीवर मीनाकाम आणि त्यात स्वस्तिकाची नक्षी. हे काम आयर्लंडच्या बाजूचे मानले जाते. बुद्ध हे नाव नंतर चिकटलेले. खरा उपखंडातला बुद्ध स्वीडनच्या हेल्ग्यो बेटावर १९५६ साली सापडला, तोही वस्तीत, थडग्यात नव्हे. परदेशी वस्तू दिसली की ‘कुठे घडली’ आणि ‘इथे कोणत्या वाटेने आली’ हे दोन रकाने वेगळे करा. दुसरा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो, राहू द्या.

जळते जहाज समुद्रात सोडल्याची दृश्ये बाजूला ठेवा. इब्न फदलान या अरब प्रवाशाने ९२२ साली रशियातल्या व्होल्गा नदीकाठी पाहिले ते जहाज किनाऱ्यावर ओढून तिथेच जाळले आणि त्या जागी टेकाड रचले.

संग्रहालयात वस्तू पाहताना मूळ किती आणि जुळवलेले किती, ते विचारा. ओसेबर्गचे ओक लाकडाचे जहाज हजारो तुकड्यांतून जुळवले आहे आणि त्यातले ९० टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचे आहे. लहान लाकडी वस्तूंची गोष्ट वेगळी. त्या आकसू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरटीच्या गरम द्रावणात ठेवल्या गेल्या. आकार टिकला, पण त्या प्रक्रियेत तयार झालेल्या गंधकाम्लाने लाकूड आतून पोखरले. काही तुकडे केवळ बाहेरच्या पातळ थरावर उभे आहेत. कोरीव कामाच्या कडा बोथट वाटल्या तर दोष कारागिराला देण्याआधी तुरटीची नोंद पाहा. ओसेबर्गचे जहाज जिथे होते ते ऑस्लोचे जुने संग्रहालय नव्या बांधकामासाठी २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा. लाडबीला मात्र ठसा जमिनीतच, टेकाडाखाली बांधलेल्या खोलीत पाहता येतो. रिव्हेटच्या ओळी वाचायला शिकायची तर तीच जागा उत्तम.