फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवताना

कोल्हापुरात जीवतंत्रज्ञान शिकणारा विद्यार्थी पहिल्यांदा पेशींचे उपसंवर्धन (वाढलेल्या पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाढवणे) करायला बसतो, तेव्हा त्याचे सगळे लक्ष ट्रिप्सिनकडे, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकराकडे असते; माझ्या मते ते त्याआधीच्या धुण्याकडे असायला हवे.

पेशी प्लास्टिकला थेट धरत नाहीत. पोषक माध्यमात घातलेल्या सीरममधील (रक्तातील पेशीविरहित द्रवातील) फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिने आधी तळावर बसतात आणि पेशीपटलातील इंटेग्रिन ही प्रथिने त्यांना पकडतात. शेजारच्या पेशीशी मात्र त्वचेसारख्या अस्तराच्या पेशी कॅडहेरिन या प्रथिनाने बांधलेल्या असतात, आणि कॅल्शियम असेपर्यंतच ही बांधणी टिकते. इतकेच नव्हे, तर कॅल्शियम असताना ट्रिप्सिनलाही कॅडहेरिन सहजी तोडता येत नाही.

म्हणून जुने माध्यम पूर्ण काढून घ्यावे आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने) दोनदा, पेशींच्या विरुद्ध बाजूने हळुवार ओतून, धुवावे. सीरमचा अंश राहिला तर त्यातील प्रतिरोधक ट्रिप्सिनला निष्प्रभ करतात. एकदा घाईत मी एकाच धुण्यावर भागवले, तर दहा मिनिटांनंतरही पेशी सुट्या न होता पापुद्र्यांसारख्या निघाल्या, आणि त्या गुठळ्यांची मोजणी काही जमली नाही.

२५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए साधारण १ मिलिलिटर पुरते. ईडीटीए उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवते. फ्लास्क ३७ अंश सेल्सिअसला ठेवून दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: पसरलेल्या पेशींच्या कडा आधी आक्रसतात, मग त्या गोल होऊन चकाकू लागतात. बहुतेक पेशी गोल झाल्या, की फ्लास्कला तळहाताने बाजूने हलकी थाप द्यावी. पेशी निघत नाहीत म्हणून वेळ वाढवत नेऊ नये, कारण ट्रिप्सिन पेशींच्या पृष्ठभागावरची इतर प्रथिनेही कुरतडते. पेशी सुटताच सीरमयुक्त माध्यम ३ ते ४ मिलिलिटर घालून क्रिया थांबवावी, पिपेटने चार-पाच वेळा वर-खाली करावे, सेंट्रिफ्यूज करून पेशी मोजाव्यात आणि नव्या फ्लास्कमध्ये सोडाव्यात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने बुरशीची भीती वाढते, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये तर हुडबाहेर (निर्जंतुक हवेच्या कक्षाबाहेर) बाटलीचे झाकण उघडूच नये.

नव्या फ्लास्कमधील पेशी काही तासांत तळाला धरतात. तोवर फ्लास्क हलवू नये. दुसऱ्या दिवशी पसरलेल्या पेशी दिसल्या, तर माध्यम बदलून तरंगत राहिलेल्या मृत पेशी काढून टाकाव्यात.