फँटसी बेसबॉलमधील फ्री एजंट : कोणाला घ्यावे, कधी घ्यावे आणि त्यासाठी कोणाला सोडावे

फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये पहिल्यांदाच उतरणारे बहुतेक जण आपली सारी तयारी ड्राफ्टसाठी राखून ठेवतात. मार्चअखेरीस एकदा खेळाडूंची वाटणी झाली की पुढे फक्त आकडे पाहायचे, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मेजर लीगमधील, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधील, प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, आणि एवढ्या लांब हंगामात चेंडू टाकणाऱ्या पिचरांची कोपरे दुखावतात, भरवशाच्या फलंदाजांचा सूर हरवतो आणि ड्राफ्टच्या दिवशी ज्यांच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते असे खेळाडू पुढे येतात. २०१० साली टोरँटो ब्लू जेजच्या होजे बाउतिस्ताने ५४ होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले. त्यापूर्वी कोणत्याही एका हंगामात त्याची मजल १६ होमरनच्या पुढे गेलेली नव्हती. २०१२ साली एंजल्सने माइक ट्राउटला २८ एप्रिल रोजी मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेतून, वर बोलावले, आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ३० होमरन आणि ४९ स्टोलन बेस (फटका न मारता धावून गाठलेले पुढचे बेस) होते. असे खेळाडू हंगाम चालू असताना आपल्या संघात आणण्याचा मार्ग म्हणजे फ्री एजन्सी. लीगचा निकाल ड्राफ्टइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, येथे ठरतो असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला क्रिकेटच्या फँटसी स्पर्धा ओळखीच्या आहेत. त्यांत दर सामन्याला नवा संघ निवडायचा असतो आणि एकच फलंदाज एकाच वेळी हजारो लोकांच्या संघांत असू शकतो. हंगामभर चालणाऱ्या बेसबॉल लीगचा पायाच वेगळा आहे. दहा-बारा संघमालकांच्या लीगमध्ये एक खेळाडू एका वेळी एकाच संघाचा असतो; १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या रोटिसरी लीगपासून हे तत्त्व चालत आले आहे. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला कार्यालयातील सहकाऱ्यांनी अशा लीगमध्ये बोलावले, तर त्याने आधी हा फरक मनात पक्का करावा, कारण फ्री एजन्सीचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

आणखी एक गोंधळ येथेच दूर केलेला बरा. खऱ्या मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण करून करारातून मोकळा झालेला खेळाडू फ्री एजंट होतो आणि पुढे कोठे खेळायचे हे स्वतः ठरवतो. फँटसी लीगमध्ये त्या कराराचा काही संबंध नसतो. तुमच्या लीगमधील कोणत्याही संघाकडे नसलेला प्रत्येक खेळाडू तुमच्या लीगपुरता मोकळा असतो, मग खऱ्या आयुष्यात तो यांकीजशी अनेक वर्षांच्या कराराने बांधलेला का असेना.

आधी लीगचे नियम वाचावेत

कोणत्याही क्षणी खेळाडू तीनपैकी एका स्थितीत असतो. तो एखाद्या संघाकडे असतो, किंवा पूर्ण मोकळा असतो, किंवा वेव्हरवर असतो. पूर्ण मोकळा खेळाडू जो आधी मागेल त्याला तत्काळ मिळतो. वेव्हर ही मधली, थांबण्याची स्थिती आहे. एखाद्या संघमालकाने खेळाडू सोडला की तो लगेच मोकळा होत नाही. बहुधा एक किंवा दोन दिवस तो वेव्हरवर राहतो, त्या काळात इच्छुक संघ त्याच्यासाठी मागणी नोंदवतात, आणि मुदत संपली की तो कोणाला द्यायचा हे संगणक ठरवतो. त्या क्षणी जो योगायोगाने फोन उघडून बसला होता त्यालाच मोठा खेळाडू मिळू नये, सर्वांना विचाराला वेळ मिळावा, हा यामागचा हेतू आहे. मुदतीत कोणीच मागणी केली नाही तर खेळाडू पूर्ण मोकळा होतो. ड्राफ्ट संपल्यावर उरलेले सर्व खेळाडूही अनेक लीगमध्ये काही काळ वेव्हरवरच ठेवले जातात.

एकाच खेळाडूसाठी अनेक मागण्या आल्या तर काय होते, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर लीगगणिक बदलते. काही लीगमध्ये प्राधान्यक्रम दर आठवड्याला गुणतक्त्याच्या उलट क्रमाने नव्याने लावला जातो, म्हणजे तळाच्या संघाला पहिली संधी मिळते. तेथे आपला क्रमांक जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. आठवडा संपला की तो आपोआप बदलणारच असतो. दुसऱ्या पद्धतीत क्रम फिरता असतो. बारा संघांच्या लीगमध्ये तुम्ही पहिल्या क्रमांकावर असाल आणि तुमची मागणी मान्य झाली, तर तुम्ही थेट बाराव्या क्रमांकावर जाता आणि बाकीचे सर्व एकेक पायरी वर सरकतात. अशा लीगमध्ये पहिला क्रमांक ही मोठी ठेव आहे. एखादा साधारण राखीव फलंदाज हवा असेल, तर त्याच्यासाठी वेव्हरवर मागणी न करता मुदत संपण्याची वाट पाहावी. तो मोकळा झाल्यावर घेतला तर क्रमांक खर्ची पडत नाही. तो तेवढ्यात दुसऱ्याने नेला, तरी त्याच्यासारखे आणखी चार जण सापडतात.

यांखेरीज आठवड्याला किंवा हंगामात किती खेळाडू घेता येतील याची मर्यादा आहे का, आणि संघातील बदल रोज लागू होतात की फक्त सोमवारी, या दोन गोष्टी ड्राफ्टच्या आधीच पाहून ठेवाव्यात. शंका राहिली तर कमिशनरला, म्हणजे लीगचा कारभार पाहणाऱ्याला, लेखी विचारावे. हंगामाच्या मध्यात, तेही आपल्या फायद्याचा खेळाडू समोर असताना, नियमाचा अर्थ विचारणाऱ्याकडे इतर संघमालक संशयाने पाहतात.

फॅब म्हणजे सीलबंद निविदा

अनुभवी लोकांच्या लीगमध्ये आता बहुधा फॅब (फ्री एजंट घेण्यासाठीचे बजेट) ही पद्धत वापरली जाते. प्रत्येक संघाला हंगामभरासाठी ठरावीक काल्पनिक रक्कम मिळते, सहसा १०० डॉलर आणि काही स्पर्धांत १००० डॉलर. हवा असलेल्या खेळाडूसाठी प्रत्येक जण गुप्त बोली लावतो, ठरलेल्या वेळी सर्व बोल्या एकदम उघडल्या जातात आणि सर्वांत मोठी बोली जिंकते. सरकारी कामाच्या सीलबंद निविदेसारखाच हा प्रकार आहे, फक्त येथे सर्वाधिक रकमेला काम मिळते. समजा, तीन संघांनी एका पिचरसाठी १७, १२ आणि ३ डॉलर लावले, तर पहिल्या संघाला तो १७ डॉलरना मिळतो आणि त्याच्याकडे ८३ उरतात. हरलेल्यांचा एक डॉलरही जात नाही. काही लीगमध्ये जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एकच डॉलर अधिक द्यावा लागतो. तेथे याच उदाहरणात किंमत १३ डॉलर होईल, आणि म्हणून आपल्याला त्या खेळाडूची जी किंमत वाटते ती निर्धास्तपणे लिहिता येते. बोल्या सारख्या आल्या तर निकाल गुणतक्त्यावरून किंवा प्राधान्यक्रमावरून लागतो. शून्य डॉलरची बोली चालते की नाही हेही पाहावे, कारण चालत असेल तर खिसा रिकामा झालेला संघही शर्यतीत राहतो.

किती बोली लावावी, याचे एकच सूत्र सांगता येत नाही. तरीही दोन गोष्टी मी ठामपणे सांगेन. पहिली, पैसे लवकर खर्च करावेत. एप्रिलच्या अखेरीस मिळालेला रोज खेळणारा फलंदाज पाच महिने गुण देतो. तोच ऑगस्टच्या मध्यात मिळाला तर सहा आठवडेच हाती लागतात. सप्टेंबरअखेर उरलेल्या रकमेला काहीही किंमत नसते. दुसरी, गोल आकडे टाळावेत. लोक सवयीने १० किंवा २० लिहितात. ११ आणि २१ लिहिणारा अशा बरोबरीच्या वेळी निर्विवाद जिंकतो.

मागणी नोंदवताना पर्यायांची उतरंड लावण्याची सोय असते आणि ती आवर्जून वापरावी. पहिल्या पसंतीचा पिचर, तो न मिळाल्यास दुसरा, तोही न मिळाल्यास तिसरा, अशा तीन मागण्या नोंदवून तिन्हींमध्ये सोडायचा खेळाडू एकच ठेवावा. पहिली मागणी मान्य झाली की सोडायचा खेळाडू संघात उरत नाही, त्यामुळे पुढच्या दोन मागण्या आपोआप रद्द होतात आणि नको असलेले तीन पिचर गळ्यात पडण्याचा धोका राहत नाही.

सोडण्याचा निर्णय

संघातील जागा ठरलेल्या असतात, म्हणून नवा खेळाडू घेणे आणि जुना सोडणे हा एकच निर्णय आहे. नवीन माणूस या निर्णयाची फक्त पहिली बाजू पाहतो. मी विचाराला नेहमी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी असे सुचवेन. माझ्या संघातील सर्वांत कमी उपयोगाचा खेळाडू कोण, तो सोडला तर दुसरा कोणी लगेच उचलेल का, आणि समोर दिसणारा नवा खेळाडू त्याच्यापेक्षा खरोखर चांगला आहे की गेल्या आठवड्यात चांगला खेळला इतकेच?

याचे उत्तर लीगच्या आकारावर बरेच अवलंबून असते. बारा संघ आणि प्रत्येकी २३ खेळाडू म्हणजे २७६ खेळाडू झाले. मेजर लीगच्या ३० संघांच्या प्रत्येकी २६ जणांच्या चमूंत ७८० खेळाडू असतात. बाहेर इतके जण उपलब्ध असताना मधल्या फळीच्या खेळाडूला कवटाळून बसण्याचे कारण नाही. पण पंधरा संघ आणि प्रत्येकी ३० खेळाडू असले तर ४५० जण घेतलेले असतात, आणि तेथे रोज खेळणारा कोणताही फलंदाज सोडण्यापूर्वी थांबावे.

मोठ्या किमतीच्या खेळाडूला एप्रिलमध्ये सोडणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. बॅटने मारून मैदानातच राहिलेल्या चेंडूंवर फलंदाजांना सरासरी तीसेक टक्के वेळा हिट (बेसवर सुखरूप पोहोचवणारा फटका) मिळतो, आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत हे प्रमाण नशिबाने बरेच खाली-वर होऊ शकते. म्हणून फलंदाजीची सरासरी न पाहता त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) वाढले आहेत का, तो पूर्वीइतक्याच जोराने चेंडू मारतो आहे का, फलंदाजीच्या क्रमात त्याला खाली ढकलले आहे का, हे पाहावे. यांत बदल नसेल तर थांबावे.

खेळाडू जखमी झाला म्हणून लगेच सोडू नये. लीगमध्ये जखमी खेळाडूंसाठी वेगळी जागा असेल, तर मेजर लीगने त्याला अधिकृत यादीत टाकल्यावर तो तेथे हलवता येतो आणि मुख्य संघात एक जागा रिकामी होते. ही यादी फलंदाजांसाठी किमान १० दिवसांची, पिचरांसाठी १५ दिवसांची आणि गंभीर दुखापतीसाठी ६० दिवसांची असते. तो परत आला की मात्र त्याला मुख्य संघात घ्यावे लागते, आणि तोपर्यंत बहुतेक संकेतस्थळे तुम्हाला नवा खेळाडू घेऊ देत नाहीत. तेव्हा परतीची तारीख जवळ आली की कोणाला सोडायचे हे आधीच ठरवावे.

कोणावर नजर ठेवावी

लीगमध्ये ज्या आकड्यांच्या प्रकारांवर गुण मिळतात, त्यांत सेव्ह (थोडी आघाडी शेवटपर्यंत टिकवून सामना संपवल्याची पिचरची नोंद) हा असा प्रकार आहे की ज्यात एका रात्रीत फ्री एजंट मौल्यवान होतो. प्रत्येक संघात नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगची जबाबदारी सहसा एकाच पिचरकडे, म्हणजे क्लोजरकडे, असते आणि त्याचा सूर बिघडला की दुसरा त्या जागी येतो. तो दुसरा कोण, हे ओळखण्यासाठी आठवी इनिंग आघाडी असताना कोणाला दिली जाते ते पाहावे. काल नववी इनिंग कोणी टाकली एवढ्यावर बोली लावू नये. नेहमीचा क्लोजर सलग दोन-तीन दिवस खेळल्यामुळे त्याला केवळ विश्रांती दिलेली असू शकते.

आठवड्यात दोनदा सामन्याची सुरुवात करणारे पिचर हा दुसरा लोकप्रिय मार्ग आहे. पाच जणांच्या फेरीत सोमवारी किंवा मंगळवारी सुरुवात करणारा पिचर आठवड्याच्या अखेरीस पुन्हा येऊ शकतो. परंतु त्याची किंमत मोजून घ्यावी. तुमच्या संघाच्या १०० इनिंगमध्ये ३६ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेले रन) गेले असतील तर इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे गेलेले अर्न्ड रन, ३.२४ आहे, एखाद्या उसन्या पिचरने ३ इनिंगमध्ये ७ रन दिले की तो ३.७६ होतो. सामना डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर असेल, जेथे समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू दूर जातो, तर असा पिचर घेऊच नये. उलट त्या आठवड्यात तेथे खेळणारा एखादा मोकळा फलंदाज पाहावा.

तरुण खेळाडू कधी वर येतील याचाही हिशेब असतो. मेजर लीगमध्ये १७२ दिवसांची सेवा म्हणजे एक वर्ष धरले जाते. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला २०१५ साली १७ एप्रिल रोजी खेळवले आणि त्याची त्या वर्षीची सेवा १७१ दिवस भरली, म्हणजे संघाचा त्याच्यावरील हक्क आणखी एक वर्ष टिकला. मेजर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील नंतरच्या करारात अशा विलंबाला आळा घालणाऱ्या तरतुदी आल्या आहेत, तरी एप्रिलच्या मध्यावर मायनर लीगच्या बातम्यांकडे लक्ष ठेवणे फायद्याचेच ठरते.

जुलै आणि त्यानंतर

मेजर लीगचे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग असे दोन भाग आहेत; त्यांपैकी फक्त एकाच भागाचे खेळाडू वापरणाऱ्या स्पर्धांत ‘लवकर खर्च करा’ हा माझा सल्ला लागू पडत नाही. तेथे खऱ्या संघांच्या जुलैमधील अदलाबदलींतून दुसऱ्या बाजूचा मोठा खेळाडू अचानक बाजारात येतो. २००८ साली पिचर सीसी सबाथिया ७ जुलैला अमेरिकन लीगच्या क्लीव्हलँडहून नॅशनल लीगच्या मिलवॉकीला आला आणि तेथे ११ सामने जिंकून फक्त २ हरला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला फलंदाज मॅनी रामिरेझ तसाच बोस्टनहून डॉजर्सकडे आला आणि ५३ सामन्यांत ०.३९६ च्या सरासरीने १७ होमरन मारून गेला. नॅशनल लीगपुरत्या स्पर्धेत सबाथियासाठी सगळी रक्कम ओतणाऱ्याकडे मॅनीसाठी काही उरले नसणार, आणि सबाथियाला सोडून थांबणाऱ्याला मॅनी येईलच याची खात्री नव्हती. माझ्या मते अशा वेळी हाती आलेला मोठा खेळाडू घ्यावा, कारण आठवडे निघून जातात आणि येणारा खेळाडू आपल्याच बाजूच्या लीगमध्ये येईल याची शाश्वती नसते. आपला खेळाडू दुसऱ्या बाजूला गेला तर त्याचे गुण मिळत राहतात की तो हातचा जातो, हा नियमही जूनमध्येच वाचून ठेवावा.

भारतात राहून खेळणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब सोपा आहे. हंगामभर न्यूयॉर्कची वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेथे रविवारी रात्री दहाला बंद होणाऱ्या बोल्या म्हणजे येथे सोमवारी सकाळचे साडेसात. संध्याकाळचे सामने भारतीय सकाळी संपतात, त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी कच्ची यादी नोंदवून ठेवावी आणि सकाळी दुखापतींच्या ताज्या बातम्या पाहून ती दुरुस्त करावी.

सप्टेंबरमध्ये मेजर लीगचे चमू २८ जणांचे होतात आणि काही नवी नावे दिसू लागतात. तोवर तुम्ही कोणत्या प्रकारात पुढे आहात आणि कोठे एक-दोन गुणांचा फरक आहे हे स्पष्ट झालेले असते. स्टोलन बेसमध्ये गुण मिळण्यासारखा असेल, तर पाच होमरन मारू शकणाऱ्या फलंदाजापेक्षा बाकावरून येऊन धावणारा खेळाडू घ्यावा. प्रतिस्पर्ध्याला हवा असलेला क्लोजर उरलेल्या रकमेतून स्वतः घेणे नियमात बसते. शर्यतीतून बाद झालेल्या मित्राला त्याचे चांगले खेळाडू सोडायला सांगून ते उचलणे मात्र संगनमत आहे, आणि असे व्यवहार कमिशनरने रद्दच करावेत.